केळखाडी निकामी करण्याचा उपक्रम

शांताराम राऊतांच्या पानवेलीच्या वाडीमागून एक खाडी समुद्राकडे जात असे. एके काळी तिच्यातून केळीचे घड होडीने बंदराला जात, म्हणून तिला केळखाडी म्हणत. होड्या केव्हाच बंद झाल्या, तरी पावसाचे पाणी तिच्यातूनच निघून जाई आणि म्हणून वेली जगत. दरवर्षी घरटी एक माणूस फावडे घेऊन खाडीत उतरे, गाळ उपसला जाई आणि दुपारी शेजारच्या फ्रेडरिकच्या अंगणात जेवण होई. उपशाचा दिवस ईस्टरनंतरचा, कारण जेवणात मटण असे आणि ईस्टरआधीच्या उपासकाळात फ्रेडरिक मटणाला शिवत नसे. पुढारी अर्थातच शांताराम. या कामाला कोणाचीही मंजुरी नव्हती, ही त्यातली गंभीर अनियमितता.

नव्व्याण्णव साली निकामी जलमार्गांच्या पुनरुज्जीवनासाठी अर्थसाहाय्याची योजना आली. शांतारामने अर्ज केला. कनिष्ठ अभियंता सावेसाहेब पाहणीला आले, काठावर उभे राहिले आणि त्यांचा चेहराच पडला.

"अहो, पाणी वाहतंय की!"

"वाहनारच, साहेब. आम्ही उपसतो ना."

"उपसता? मग निधी कशाच्या आधारे देऊ? जलमार्ग चालू स्थितीत आहे. सरकारचं काम तुम्हीच केलंत, तर सरकारनं करायचं काय?"

शांतारामला आपल्या उद्धटपणाची लाज वाटली. साहेब मनाने चांगले. जाताजाता म्हणाले, "एक वर्ष हात लावू नका. बाकी मी बघतो."

आता यंत्राने उपसा होणार, दगडी काठ बांधले जाणार, कदाचित होड्याही येणार, या विचाराने शांतारामला रात्रभर झोप आली नाही. त्या ईस्टरनंतर तो घरोघर जाऊन 'येऊ नका' म्हणून सांगून आला.

"जेवन तरी ठेवू," फ्रेडरिक म्हणाला.

"नको. जेवन म्हटलं की लोक फावडी घेऊन येतील. सवय वाईट."

पावसाळ्यात पाणी वाडीत तुंबले. त्याची बायको मनोरमा पदर खोचून बांधावर उभी राहिली. "अवो, मुळं पान्यात हायत. खाडीच्या तोंडाशी दोन फावडी मारा ना!"

"मारली की आपन अपात्र," शांताराम म्हणाला. या शब्दाचा त्याला अलीकडे अभिमान वाटू लागला होता. निम्म्या वेली गेल्या. उरलेल्या निधी येईपर्यंत तग धरतील, असे त्याने तिला समजावले.

दुसऱ्या पाहणीत खाडी 'अंशतः निकामी' ठरली. निधी फक्त 'पूर्ण निकामी' वर्गासाठी होता. थोडक्यासाठी संधी हुकली, म्हणून गाव हळहळला. मग मात्र सगळे इरेला पेटले. विरारला इमारती उठत होत्या, त्यांचे डेब्रिज आणले. वालीवच्या कारखान्यांतला भंगार चोथा आणला. ट्रकवाले तर दुवा देऊन जात. श्रमदानाची जुनी सवय कामी आली. घरटी एक माणूस टोपली घेऊन हजर! फ्रेडरिकने जेवणही घातले.

तिसऱ्या पाहणीला सावेसाहेब पॉलिश केलेल्या बुटांनी चालत आले आणि इकडेतिकडे पाहू लागले.

"खाडी कुठाय?"

"तुम्ही तिच्यातच उभे हाव, साहेब," शांताराम हात जोडून म्हणाला.

साहेबांनी पाय आपटून पाहिले. जमीन पक्की होती. अहवाल आला: 'जागेवर जलमार्ग आढळून आला नाही. सबब पुनरुज्जीवनाचा प्रश्न उद्भवत नाही.' साहेबांनी शांतारामचा हात मात्र हातात घेतला. "तुमच्या प्रयत्नांत कसूर नव्हती, राऊत. जरा जास्त झालं, एवढंच."

पुढच्या पावसात वाडीत गुडघाभर पाणी राहिले. मनोरमा काळ्या पडलेल्या वेली आधारावरून सोडवत होती आणि वासाने नाकाला पदर लावत होती. ते शांतारामच्या जिवाला लागले. त्याने फावडे उचलले आणि एकटाच भरावावर जाऊन खणू लागला.

दुपारपर्यंत नोटीस आली. मोकळ्या सरकारी जमिनीवर विनापरवाना खोदकाम! त्याने हेलपाटे घालून परवानगी मागितली, इथे खाडी होती असे शपथेवर सांगितले. त्याचा परिणाम ताबडतोब झाला. खाडी होती, तर ती बुजवली कोणी, याची चौकशी सुरू झाली. पहिला संशयित शांताराम.

चौकशी अजून चालू आहे. तिचा निकाल लागेपर्यंत भरावातला कचरा कोणीही हलवू नये, तो पुरावा आहे, असा आदेश आहे. वाचकहो, हसू नका. हाच आदेश तुमच्या दारासमोरच्या गटारालाही लागू आहे. तो तुमच्यापर्यंत पोहोचला नसेल, पण त्याचे पालन तुम्ही गेली कित्येक वर्षे काटेकोरपणे करीत आहात.