तात्यांच्या कॉम्प्युटरातली वाडी

आमच्या शेजारचे तात्या घंटी वाजवल्याशिवाय कॉम्प्युटर सुरू करत नाहीत. पडवीच्या वाशाला दोरी बांधून त्यांनी पितळी घंटी टांगली आहे. बटण दाबायचं, दोरी दोनदा ओढायची, "डबल!" म्हणायचं आणि मग खुर्चीत बसायचं. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. घंटीशिवाय जगात काही हलतं यावर त्यांचा विश्वास नाही. लाईट गेली की दोरी एकदाच ओढतात. "थांबा आला," म्हणतात, आणि तंबाखू मळायला घेतात.

नात्याने ते माझे चुलत सासरे. काकी गेल्यापासून एकटे. आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. निम्मी घरं बंद, माणसं मुंबईला. गणपतीला येतात, शिमग्याला येतात. जाताना चावी तात्यांकडे देतात. पडवीत एका फळीला खिळे ठोकून त्यांनी सगळ्या चाव्या टांगल्यात. दर सोमवारी तात्या एकेक घर उघडतात, खिडक्या उघड्या करतात, केर काढतात, देवापुढे दिवा लावतात. "घर बंद राह्यलं की आधी वाळवीला कळतं," असं त्यांचं म्हणणं. पण कुणाच्या घरात ते बसत मात्र नाहीत. दमले तरी उभेच. "मालक नाय घरात, बसायचं कसं?"

गेल्या शिमग्याला तात्यांच्या मुंबईच्या पुतण्याची, पांडूभाऊजींची, पोरं दुसऱ्याच दिवशी मुंबईला परत निघाली. "गावाला करायचं काय?" म्हणाली. तात्यांनी ऐकलं. त्यांना राहा असं काही ते म्हणाले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात महाडला गेले आणि जुना कॉम्प्युटर मांडीवर घेऊन एसटीने आले. गाडीचा कंडक्टर ओळखीचा. त्याने विचारलं म्हणे, "काय तात्या, ह्याचं हाफ फाडू काय?" तात्या म्हणाले, "फाड. माझ्या नातवंडांचा हाय तो."

दुरुस्तीवाला मशीन बसवायला आला तेव्हा त्याने दाखवलं, की एकाच मशीनवर ज्याचं त्याचं वेगळं अकाउंट करता येतं. ज्याचं त्याने उघडायचं, पासवर्ड टाकून.

"म्हंजी ज्याचं घर त्याचं कुलूप?"

"तसंच."

"मंग वाडीच झाली की रे ही!"

झालं. तात्यांनी बंद घरांची अकाउंट केली, उघड्या घरांची केली, मोठ्यांची केली, पोरांची केली. प्रत्येकाच्या नावापुढे मशीनमधलं एकेक चित्र लावलं. पांडूभाऊजींना फुटबॉल, त्यांच्या पोटाकडे बघून. त्यांच्या बायकोला मांजर. मी म्हटलं, "तात्या, वैनी रागावतील." तर म्हणाले, "बघल तेव्हा रागावंल ना? रागवायला तरी येऊ दे." मला फूल दिलं. मी लाजले, तर म्हणाले, "नायतर कुत्रा उरलाय, तो देऊ?"

शेवटी शेवटी पडद्यावर नावं मावेनात. तात्या पडद्यालाच सांगत होते, "सरकून घ्या, सरकून घ्या. सरकलं की जागा होते."

आता पासवर्ड. चावी शेजाऱ्याकडे ठेवायची असते, म्हणून सगळे पासवर्ड त्यांनी माझ्याकडे ठेवले, तोंडी. आणि ठेवले काय, तर ज्याच्या त्याच्या गोठ्यातल्या जुन्या गाईचं नाव. ती नावं वाडीत कुणाला ठाऊक नाहीत? तरी तात्या अंगणातून ओरडणार, "सुनबाय, पांडूची चावी काय गो?"

मी दारामागून हळूच सांगायची.

"मोठ्यानं बोल की! मधी कशेडीचा घाट हाय काय?"

मग मला ओरडावं लागायचं, "तांबू!" मी लग्न होऊन आल्यापासून वाडीने माझा आवाज फारसा ऐकला नव्हता. आता रोज गाईंची नावं ऐकत होती.

सोमवारी घरं झाडून झाली, की तात्या कॉम्प्युटरातलीही एकेक उघडायला लागले. उघडायचं, दोन मिनिटं बघायचं, बंद करायचं. "वारं लागलेलं बरं."

गणपती तोंडावर आले आणि मशीन अडून बसलं. घंटी वाजवून दोरी तुटायची वेळ आली. महाडहून दुरुस्तीवाला आला, बघून कपाळाला हात लावला.

"अहो, मशीन म्हातारं, आणि एवढी अकाउंटं? ह्यांच्यात तर काहीच नाही. सगळी रिकामी. उडवतो, एकच ठेवू."

"रिकामी नायत," तात्या म्हणाले. "बंद हायत."

"पण काहीतरी काढावंच लागेल. गच्च भरलेलं तुमचंच आहे. भजनाचे व्हिडिओ, सगळं."

"मंग माझं काढ."

"आणि तुम्ही?"

"कंडक्टरला सीट लागत नाय रे. उभ्यानं जन्म गेला. भजनं पाठ हायत."

दुरुस्तीवाला हसला. म्हणाला, "तुमचं नाही काढता येत. तुम्ही मालक. आधी दुसरा मालक करा."

तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी दारामागे गेले. म्हटलं, "अहो, मी चौथी शिकलेली."

"चाव्या कुणाजवळ हायत?" तात्या म्हणाले. "मंग मालक कोण?"

तात्यांचं नाव पडद्यावरून गेलं. मशीन चालू झालं.

गणपतीला मुंबईकर आले. पांडूभाऊजींनी फुटबॉल बघितला आणि इतके हसले की पोट धरून खाली बसले. वैनी मांजर बघून रागावल्या, मग तिथेच बसून फोटो घालत राहिल्या. पोरं एक दिवस जास्त राहिली. हायवे तुंबला होता म्हणून राहिली, असं सगळे म्हणतात. तात्या म्हणतात, कॉम्प्युटरमुळे.

मग सगळे गेले. फळीवर चाव्या परत आल्या.

सोमवारी तात्यांनी घरं झाडली, कॉम्प्युटरातली उघडून बंद केली. त्यातल्या वैनींच्या घरात पोरांचे गणपतीतले फोटो होते. तात्या खुर्चीमागे उभे राहूनच बघत होते. मग तेही बंद केलं. पण थांब्याची एक घंटी वाजवली नाही. मी अंगणात भांडी घासत होते. पडवीतून हाक आली, नेहमीसारखी मोठी नव्हती.

"सुनबाय, ते फोटो तुझ्या फुलात आणून बघू काय गो? मालक हाय घरात, जरा बसतो तुझ्यात."

मी हात पुसले, पडवीत गेले. माऊसने फूल दाबलं आणि माझी चावी लावली. तात्या अजून उभेच होते.

"बसा तात्या," मी म्हटलं. आवाज पार वरच्या आळीपर्यंत गेला असेल. "सरकलं की जागा होते."

त्यांनी दोरी दोनदा ओढली आणि बसले.