रिकामी पट्टी

मुलुंडला आमच्या चाळीखाली सावंतकाकांचं औषधाचं दुकान होतं. झोपेच्या गोळ्यांचं गिऱ्हाईक आलं की काकांच्या अंगात यायचं. एरवी खोकल्याचं औषध देताना गावच्या घराची चौकशी करणारा हा माणूस कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा आणि हात पुढे करायचा, "रिकामी पट्टी खंय?"

आधीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी दाखवल्याशिवाय पुढच्या गोळ्या नाहीत. हे कुठल्याही कायद्यात नव्हतं. कायदा एवढंच म्हणायचा, की चिठ्ठीवर लिहिल्या तेवढ्याच द्या आणि शिक्का मारा. काकांनी त्याला स्वतःचं कलम जोडलं होतं. गोळ्याही ते तीनदा मोजायचे, तिसऱ्यांदा गिऱ्हाइकाकडून मोजून घ्यायचे. एक रिटायर्ड फौजदार पट्टी विसरून आले, तर त्यांनाही घरी पिटाळलं होतं.

बाबा गेले आणि आईची झोप उडाली. शेजारी रंगीत टीव्ही आला होता, तोही बघायला ती जाईना. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, दहा-दहा करून तीन वेळा. नेमकं तेव्हाच ऑफिसने मला महिनाभर ट्रेनिंगला नागपूरला धाडलं. आईला जिने नकोत म्हणून मी म्हटलं, "काका, तीसही एकदम द्या ना."

"धा."

"अहो, चिठ्ठीवर तीस होतात!"

"धा, तीनदा. वाचूक येता मा तुका? एकदम दिलंय तर माझा लायसन जाता."

"म्हणजे आईला तीन मजले उतरवणार तुम्ही?"

"उतरांदेत. जरा वारो लागात."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्यासारखा खडूस माणूस अख्ख्या मुलुंडात नाही," असं चारचौघांत सुनावून मी दहा गोळ्या घेतल्या.

महिन्याने परत आलो तर आई शेजारी टीव्ही बघत बसलेली. मधे काय घडलं ते तिनेच सांगितलं. दहा दिवस उलटले तरी ती दुकानात गेली नाही. बाराव्या दिवशी भर दुपारी काका दुकान बंद करून, गुडघे धरत तीन मजले चढले आणि दारातच हात पुढे केला, "रिकामी पट्टी खंय?"

आईने पट्टी आणून दिली. दहाच्या दहा गोळ्या जागेवर होत्या.

"साठवायच्या ठरवलं होतं रे मी," आई म्हणाली. "एका डबीत काढायच्या आणि रिकामी पट्टी दाखवून पुढच्या आणायच्या. पण त्यांच्यासमोर खोटी पट्टी धरायचा धीर होईना."

मीच तीस मागितल्या होत्या.

काका ओरडले नाहीत. पट्टी खिशात टाकली, चहा मागून घेतला आणि एवढंच म्हणाले, "आमच्या घरात मोजणारो कोण नव्हतो, वैनी."

दुकानामागच्या खोलीत ते एकटे का राहतात, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नव्हतं. चहा आणि खारीवर दिवस काढणारा विक्षिप्त म्हातारा, एवढीच आमची ओळख. मी माफी मागायला दुकानात गेलो. काकांनी वर न बघता विचारलं, "वैनी जेवतत मा?"

त्यानंतर आई दर दोन दिवसांनी तीन मजले उतरू लागली. पिशवीत सुक्या जवळ्याचा नाहीतर उसळीचा डबा असायचा. काकांनी हात पुढे केला की ती पिशवी मागे ओढायची.

"आधीचा डबा कुठाय? रिकामा दाखवा, मगच पुढचा."

आणि काका निमूटपणे आतून डबा आणून, झाकण काढून, तिच्यासमोर उपडा करून दाखवायचे.