गच्चीवर माणसं किती?

"आधी कुठे आहेस ते सांग, मग रड." लहानपणी भाचा झाडावर अडकला किंवा ओढ्यात घसरला, की आत्याचा हा आवाज तिच्याआधी तिथे पोचलेला असायचा. आई-वडिलांमागे त्याला तिनेच वाढवलं. आवाज खणखणीत, पण सोललेल्या गुडघ्यावर फुंकर घालावी तसा. पुढे संकटात सापडलेल्यांचे फोन घेणाऱ्या यंत्रणा बनवायच्या नोकरीत भाचा लागला, तेव्हा आत्या म्हणाली, "एवढं शिकून शेवटी माझंच काम करतोस की."

आज त्याच्या यंत्रणेची परीक्षा होती. अर्ध्या शहरात त्याच्या कंपनीची यंत्रणा बसणार होती, अर्ध्यात दुसरीची. नुसता आवाज नव्हे, तर माणूस कुठे आहे, सोबत किती जण, फोटो, लिहिलेला मजकूर, सगळं एकीकडून दुसरीकडे जसंच्या तसं जायला हवं होतं. दोन्ही यंत्रणांचं जमतंय का, हे बघायला अग्निशमन दलाच्या बाई मोठ्या पडद्यासमोर हाताची घडी घालून बसल्या होत्या. जमलं, तर शेवटी एक गाडी खरोखरच पत्त्यावर जाऊन येणार होती.

खोटी संकटं सांगायला खरी माणसं लागतात. भाच्याने आत्याला धरलं. पलीकडच्या कंपनीला योगायोगाने आत्याच्याच इमारतीतले, खालच्या मजल्यावरचे शिंपी मिळाले. हा योगायोग आत्याने आठवडाभर खपून जुळवला होता, ते सोडा. शिंप्यांना ऐकू कमी येई, म्हणून ते लिहून कळवणार होते. 'हा चाचणीचा कॉल आहे' म्हटल्याशिवाय पुढे एक अक्षर बोलायचं नाही, असं दोघांनाही बजावलेलं होतं.

सकाळची खोटी आग झकास लागली आणि विझली. मग आत्या चादरी वाळत घालायला गच्चीवर गेली आणि शिंपी चादरी कशा वाळतात ते बघायला. वाऱ्याने दार धाडकन मिटलं आणि आतून अडकलं. गच्चीच्या बाजूने उघडायला मूठच नव्हती.

शेजाऱ्यांना हाक मारावी, तर इमारतभर डंका. भाच्याचा फोन चाचणीपुरता कुलपात. आणि भाच्याला तर तिने वर्षभर अवाक्षर सांगितलं नव्हतं. पोराला काय वाटेल, या एका धास्तीने शब्द ओठाशी येऊन मागे फिरायचा, उंबऱ्यावरून परतणाऱ्या नव्या नवरीसारखा. तिने शिंप्यांना खुणेने पाण्याच्या टाकीआड बसवलं. सुटका एकटीची होईल, ते मागाहून गुपचूप उतरतील, असा बेत. शिंप्यांना वाटलं, ऊन लागू नये म्हणून काळजी करतेय. ते सुखावून बसले.

आत्याने चाचणीचा नंबर लावला. सवयीने आधी ते वाक्य म्हटलं आणि मग सांगितलं, की गच्चीवर अडकलेय. भाचा खूष झाला. कागदावर नसलेलं संकट आत्याने स्वतः रचलं होतं.

"किती माणसं?" त्याने विचारलं.

"एकटीच. एकटीच म्हणजे एकटीच."

इकडे टाकीआड शिंप्यांनी तिच्या हातात फोन पाहिला. आपलंही कर्तव्य म्हणून चष्मा सावरत त्यांनी लिहिलं: हा चाचणीचा कॉल आहे. गच्चीवर अडकलो. माणसे दोन.

दोन्ही निरोप पडद्यावर भेटले. जागा एकच निघाली आणि यंत्रणांनी बेरीज केली: तीन.

पलीकडचा इंजिनिअर म्हणाला, भाच्याची यंत्रणा माणसं गिळते. भाचा म्हणाला, गिळत असेल, पण तुमची तर विते. बाईंनी पुन्हा करायला सांगितलं. आत्याने पुन्हा एकटीच सांगितलं. तिला बोलताना पाहून शिंप्यांनी पुन्हा दोन लिहिलं. पडद्यावर सहा झाले. तिसऱ्या वेळी नऊ झाले आणि पडदा लाल होऊन 'जमाव' असं लुकलुकू लागला. फोटो मागवला, तर शिंप्यांनी तत्परतेने पाठवला. त्यात फडफडणाऱ्या चादरी होत्या. चादरींमागे आणखी किती असतील, कोण जाणे.

बाईंनी घडी सोडली. चाचणी असो की नसो, जमाव म्हटल्यावर नियमाप्रमाणेच जायचं, असं म्हणून त्यांनी फोन उचलला. दालनातलं सगळं बोलणं आता स्पीकरवर होतं.

भाचा रडकुंडीला आला. "आत्या, तीन गाड्या निघतायत. जाळी आहे, कर्णा आहे, तुझा रस्ता बंद करतायत. हे जमलं नाही तर माझी यंत्रणा गेली भंगारात. एकदा नीट आठवून सांग ना, किती जण?"

आत्या टाकीमागे गेली. शिंपी अंगठ्याने सावकाश चौथा निरोप लिहीत होते. तिने वाकून वाचलं: माणसे दोन. दोघेही मजेत. घाई नाही.

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. ती त्यांच्या शेजारी टेकली.

"बाळा, हा चाचणीचा कॉल नाही," ती म्हणाली. "दार खरंच लागलंय. तुझी यंत्रणा चांगली आहे, मीच खोटी. इथे दोघं आहोत, मी आणि खालचे शिंपी. वर्ष झालं, तुला सांगेन सांगेन म्हणत राहिले. आम्ही लग्न करतोय. आता एकच गाडी पाठव, आणि भोंगा वाजवू नका म्हणावं. त्यांना तो ऐकू येणार नाही, आणि मला एकटीलाच लाजावं लागेल."