नाडकर्णींच्या घरातला उजेड

लाल शर्ट घालून नाडकर्णींच्या दारात गेलात, तर ते आधी हातात एक राखाडी सदरा देतात. पाणी त्यानंतर. "तुमचा लाल रंग फोटोवर पडतो, यार!" माझा रंग कशावर पडतो, हे बँकेत इतकी वर्षं कुणी मला सांगितलं नव्हतं.

नाडकर्णी रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर. मानक नगरचं रेल्वे क्वार्टर सोडून आमच्या शेजारी आले, ते फोटो छापायचं मशीन घेऊनच. बाहेरच्या खोलीच्या भिंती राखाडी, पडदे कायम ओढलेले आणि टेबलावर एक प्रखर पांढरा दिवा. छापलेला फोटो त्याखाली धरल्याशिवाय बरा-वाईट म्हणायची सोय नाही. "आधी उजेड, मग मत!" पिवळा बल्ब दिसला की यांचं डोकं फिरतं. चौकात चिकनच्या भरतकामाचा कुर्ता घेतानाही दुकानदाराला म्हणाले, "भैया, पहले ये पीली बत्ती बुझाइए!"

गेल्या रविवारी मात्र त्यांचा आवाज चढलाच नाही, तेव्हाच मला धास्ती वाटली. परदेशातल्या नातीचा फोटो छापायचा होता. वहिनींच्या डोळ्यांना प्रखर उजेड सोसत नाही, मोबाइलकडे तर बघवतच नाही. आठ महिन्यांची नात त्यांनी अजून पाहिली नव्हती.

पांढऱ्या दिव्याखाली फोटो सुरेख दिसला. तो घेऊन आम्ही आतल्या खोलीत गेलो. तिथे वहिनींपुरता एक मंद पिवळा बल्ब असतो. त्यांनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

"सगळं काळंच दिसतंय हो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

नाडकर्णींचा चेहरा उतरला. झगझगीत दिव्यात बेतलेला फोटो मंद खोलीत काळा पडणारच, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण आतल्या खोलीत त्यांनी आजवर एकही फोटो नेला नव्हता. "कुलकर्णी, उजेड तिचा धरायला हवा होता," ते म्हणाले. मग त्यांनी पांढरा दिवा बंद केला आणि स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब काढून टेबलावर लावला. माझा विश्वासच बसेना.

जास्त उजळ करून छापलेला दुसरा फोटो जमला नाही. तिसराही नाही. कागद संपत आला होता. चौथा त्यांच्या एरवीच्या हिशेबाने अगदीच फिक्कट, टाकाऊ. तोच घेऊन ते आत गेले. मीही मागोमाग गेलो.

"अगंबाई, दोन दात आलेत की हिला!"

"रंग जरा पिवळट आलाय," नाडकर्णी पुटपुटले.

वहिनींनी ऐकलंच नाही. त्या नातीच्या गालावरून बोट फिरवत होत्या.

गडबडीत मी राखाडी सदरा बाहेरच टाकून आलो होतो. माझा लाल शर्ट थेट फोटोला टेकला होता. नाडकर्णींचं तिकडे लक्षच नव्हतं. ते वहिनींकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.