ॲग्नेसचं टपाल

शेजारच्या मिराशीकाकांना मी एकदा सहज विचारलं, "काय काका, कसं काय?" ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मी ठीक आहे गं. पण ॲग्नेसचा ताप हटत नाहीये. तीन आठवडे झाले."

मी ॲग्नेससाठी सूप करून द्यायची तयारी दाखवली. तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, की ॲग्नेसला जाऊन शंभर वर्षं होत आली.

काका भूलतज्ज्ञ. तीस वर्षं इथे विलायतेतल्या हॉस्पिटलांत त्यांनी माणसांना झोपवलं आणि, हे ते आवर्जून सांगत, परत उठवलंही. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर करायचं काय, हा प्रश्न आमच्या हाउन्सलो उपनगरापासून अर्ध्या तासावरच्या एका कॉन्व्हेंटने सोडवला. तिथे एका आयरिश संस्थेच्या नन्स राहत आणि संस्थेची जुनी पत्रं खोक्यांतून जपत. हिंदुस्थानात, दख्खनकडे, शाळा चालवायला गेलेल्या नन्सनी घरी लिहिलेली ती पत्रं. त्यांत आयरिश कानांनी ऐकून लिहिलेले माळी, हमाल, भाकरी असले शब्द. ते लावायला कुणीतरी आपल्याकडचं हवं होतं. अक्षरही असं, की ते डॉक्टरलाच लागावं. नन्सना महिन्याला एकच कागद मिळे, म्हणून तो भरला की आडवा धरून त्याच ओळींवरून पुन्हा लिहायचं.

काका दर गुरुवारी जाऊ लागले. खोक्यांची व्यवस्था पाहणाऱ्या सिस्टर नोरांनी त्यांना सिस्टर ॲग्नेसचं खोकं दिलं. काकांनी पहिलं पत्र वाचलं, टिपण केलं आणि झाकण लावून टाकलं. सिस्टर म्हणाल्या, पुढचं घ्या की. काका म्हणाले, पुढच्या पत्रावर महिन्यानंतरची तारीख आहे, ते अजून आलेलं नाही.

हाच त्यांचा नियम. दोन पत्रांमध्ये जेवढं अंतर, तेवढे दिवस थांबायचं. एकदा अडीच महिने पत्रच नव्हतं. काका तरी दर गुरुवारी जात, इतरांच्या कागदांतल्या गंजलेल्या टाचण्या काढत, घड्या सरळ करत, पण त्या खोक्याला हात लावत नसत. काळजीने त्यांचं जेवण कमी झालं. मी म्हटलं, "झाकण उघडून बघा ना एकदा." तर त्यांचं ठरलेलं उत्तर, "टपाल आल्यावर कळेल." सिस्टर नोरांना आधी हा माणूस चक्रम वाटला. त्यांना खोक्यात ॲग्नेसच्या तापाचा आलेख सापडला होता, चौकटीच्या कागदावर काकांनी काढलेला, हॉस्पिटलात खाटेच्या पायथ्याशी लावतात तसा. पण पुढे पुढे त्याच दार उघडून विचारू लागल्या, आज काही आलंय का.

एका गुरुवारी मी गाडीने सोडायला गेले आणि तिथेच थांबले. उंच खिडक्या, बाहेर पेअरचं झाड, आत कागदांचा जुनाट गोडसर वास. जवळच्या विमानतळावरची विमानंसुद्धा तिथे कुणाला उठवू नये अशा बेताने जात होती. काका हलक्या आवाजात वाचत होते. ॲग्नेसने लिहिलं होतं, की दुपारी वर्गात मुली पाढे म्हणतात आणि तिला झोप येते, मग त्या झोपेत तिच्या घरामागचा समुद्र पाढे म्हणू लागतो. ते ऐकता ऐकता माझाही डोळा लागला. जाग आली तेव्हा आपण दख्खनमध्ये आहोत, आयर्लंडात की हाउन्सलोत, हे क्षणभर कळेना. समोर काका आणि सिस्टर चहा पीत गप्प बसले होते, आणि मला वाटलं, ही दोघं अशीच शंभर वर्षं बसलेली असणार.

मग कॉन्व्हेंट बंद होणार असल्याचं कळलं. राहिलेल्या नन्स आणि सगळी खोकी डब्लिनला जाणार होती. हातात सहा आठवडे होते. सिस्टर म्हणाल्या, दोन दुपारी बसलात तर ॲग्नेस वाचून संपेल. काका "घाई कसली?" म्हणाले खरे, पण आवाज नेहमीचा नव्हता.

परतताना गाडीत मी वैतागले. "वाचून टाका की काका. एवढं काय त्यात?"

ते खिडकीकडे तोंड करून सांगू लागले.

"आई गेल्याची तार मिरजेहून आली, तेव्हा तिची दोन पत्रं वाटेत होती. ती नंतर एकाच दिवशी आली. मी हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये उभा राहून दोन्ही फोडली. दहा मिनिटांत संपली." मग म्हणाले, "एक तरी ठेवायला हवं होतं गं."

त्यानंतर त्यांनी कुणाला पत्र लिहिलं नाही आणि त्यांनाही कुणाचं आलं नाही. ॲग्नेसचा तो ताप क्षयाचा आहे, हे डॉक्टर म्हणून त्यांना केव्हाच कळलं होतं. खोक्यात किती पत्रं उरली आहेत, एवढंच त्यांना कळून घ्यायचं नव्हतं.

मी सिस्टरना जाऊन हे सांगितलं. त्यांनी खोकं उघडून पाहिलं आणि दोन बोटं वर केली. मग काकांना निरोप दिला, की प्रती काढून एकेक पत्र आपण डब्लिनहून पाठवू, ज्या त्या तारखेला.

पहिलं आलं. पाच आठवड्यांनी दुसरं. काका ते घेऊन आमच्याकडे आले. ॲग्नेसने शाळेच्या बागेत गुलाब लावला होता, पुढच्या वर्षी फुलेल म्हणत होती. काका खुशीत होते. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

मग मी आठवडे मोजायला लागले. चार झाले, सहा झाले. काका सकाळी पोस्टमनच्या वेळेला दाराशी उगीच झाडांना पाणी घालत उभे असत. आता आपणच सांगून टाकावं असं मी रोज ठरवायचे आणि रोज धीर व्हायचा नाही.

सातव्या आठवड्यात पाकीट आलं. काकांनी मला हाक मारली. आत प्रत नव्हती, निळ्या शाईत लिहिलेला ताजा कागद होता. पत्र सिस्टर नोरांचं होतं. ॲग्नेसचं आता काही येणार नाही, तिला शांतपणे मरण आलं, असं त्यांनी सुरुवातीलाच लिहिलं होतं. पुढे स्वतःविषयी होतं. नवी खोली चांगली आहे, पण इथे कुणाशी ओळख नाही, आणि गुरुवारची दुपार जाता जात नाही.

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पहिला भाग परत वाचला. मग उठून खणातून कागद आणि पेन काढलं. तारीख घातली, नाव लिहिलं आणि तिथेच अडकले. मी आवाज न करता निघणार होते.

"बस जरा," ते वर न बघता म्हणाले. "आईनंतर पहिलंच लिहितोय."