गुरुजींच्या धाबळीत

यज्ञेश्वर गुरुजी दहाव्याच्या विधीसाठी रामकुंडावर पोहोचले, तेव्हा त्यांच्या पिशवीत दर्भ, तीळ, पंचपात्र आणि सोवळ्याच्या धाबळीत गुंडाळलेलं आठ दिवसांचं मांजराचं पिल्लू होतं. लोकरीला विटाळ नसतो, अशी त्यांनी घरातून निघतानाच स्वतःची समजूत घातली होती.

पिल्लाची आई टेम्पोखाली गेली होती. गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं : दर दोन तासांनी ड्रॉपरने दूध, आणि लगेच ओल्या कापसाने पोटाखाली पुसायचं, त्याशिवाय एवढ्याशा जिवाला लघवी होत नाही. कापूस म्हणून गुरुजी देवापुढच्या फुलवाती वापरत होते. त्यांच्या बायकोला, कुसुमताईंना, ते कळलं त्याच दिवशी त्या देवळ्याला भावाकडे निघून गेल्या. "रविवारी येतेय. तोवर ते कुणाला तरी देऊन टाका, नाहीतर मी इथेच राहीन!"

आज शनिवार होता.

पिंड साडेआठला मांडून झाले. पुढचं दूध नऊला. कठड्यावर एक कावळा बसला होता, पण तोंड पलीकडे करून.

ज्यांच्या आईचा दहावा होता, ते पिंपळगावचे खंडेराव हात जोडून म्हणाले, "आये, नातीचं लग्न दणक्यात करू!"

कावळा ढिम्म.

"आये, धाकट्याला बागेत वाटा देऊ!"

धाकटा भाऊ चमकला. कावळा हलला नाही.

"दर्भाचा कावळा करून शिववू या का? शास्त्रात सोय आहे," गुरुजी घड्याळाकडे बघत म्हणाले.

"नाय गुरुजी. आयेला उपाशी नाय धाडायचं. दुपार झाली तरी चालंल."

नऊ वाजून पाच मिनिटांनी पिशवी ओरडली.

गुरुजींनी निमूटपणे धाबळी उघडली आणि भर घाटावर पिल्लाला पाजायला बसले. मग फुलवात ओली करून, मान वळवून, पुढचा विधीही उरकला.

"अगं बया!" खंडेरावांची बहीण मंगलाबाई पुढे सरकल्या. "दादा, आयेचा जीव मांजरातच हुता की! त्यांना दूध घातल्याबिगर कधी जेवली का ती?"

खंडेरावांनी ताबडतोब कावळ्याकडे वळून हात जोडले. "आये, हे मांजर आम्ही नेतो!"

कावळा पंख खाजवत बसला.

"द्या गुरुजी इकडं."

गेले सहा दिवस गुरुजी याच वाक्याची वाट पाहत होते. "दर दोन तासांनी पाजायचं, पुसायचं. रात्रीसुद्धा. जमेल?"

"दोन टाईम वाटीत दूध ठिवू की. कांद्याच्या चाळीत उंदीर लय झालेत, तेवढंच कामाला यील."

गुरुजींनी मुठीएवढ्या, अजून डोळेही न उघडलेल्या त्या कामगाराकडे पाहिलं आणि धाबळी पुन्हा गुंडाळली.

"नको. हे माझ्याकडेच राहील."

कावळा सरळ खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

मंगलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. खंडेरावांनी आधी पिंडाला आणि मग पिशवीला नमस्कार केला.

घाटाबाहेरच्या पीसीओवरून गुरुजींनी देवळ्याला फोन लावला.

"दिलंत का कुणाला?" कुसुमताईंनी पहिलाच प्रश्न विचारला.

"देतच होतो गं," गुरुजी म्हणाले. "पण कावळा शिवला. आता ते माझ्या हातात राहिलं नाही. आणि येताना तेवढा कापूस आण. फुलवाती संपल्यात."