जमादाराचा गोलफ

कापसाच्या गंजीनं पेट घेतलेला, धूर डोळ्यात चाललेला, आणि आमचा सिद्रामप्पा जमादार काय म्हणतोय, तर "काठ्या आधी ओळीनं ठिवा. फेकायच्या न्हाईत." काठ्या म्हणजे गोलफ खेळायच्या काठ्या. माझ्या हातात बंबाचा दांडा व्हता. पाणी हापसायचं नसतं, तर त्योच त्याच्या डोक्यात घातला असता. आग विझली, माझं डोकं विझलं न्हाय. आजबी त्याचं नाव निघालं की आधी रागच येतो.

निजामाचं राज्य व्हतं तवाची गोष्ट. मुरुम गावात कापसातली सरकी काढायचं जिन व्हतं, आणि जिनाला स्वतःचा आगीचा बंब. त्याच्यावर आमी चार-पाच गडी आणि वर ह्यो जमादार. जिनाचा कायदा असा, की दिवाळीपास्नं होळीपर्यंत बंबवाल्यानं घरी जायचं न्हाय. आगीची घंटा ऐकू येईल तेवढ्यातच फिरायचं. भाकरी घरनं यायची, माणूस जायचा न्हाय. माझं घर जिनाच्या भिंतीवरनं दिसायचं. दिसून काय करता? पहिलं पोर झालं आणि डोळे उघडायच्या आत गेलं, तवा मी घंटेखाली बसून व्हतो. मातीलाबी सोडलं न्हाय. माझी बायको मालन त्यावर एक शब्द बोलली न्हाय. बोलली असती तर बरं झालं असतं. फुडल्या साली तिला परत दिवस गेले, आणि बाळंत व्हायची ती नेमकी हंगामात.

अशा वक्ताला ह्या बाबाला गोलफ सुचला.

तरणा असताना त्यो शिकंदराबादच्या छावणीत गोऱ्या सायबांच्या काठ्या वाहायचा. तिथनं त्यानं खेळ आणला का खूळ, देवाला ठाऊक. आमचा मॅनेजर हैदराबादचा. सायबाचं कायबी दिसलं की विरघळायचा. जमादारानं त्याला पटवलं, की ह्या खेळानं नजर बसती, आणि नजर बसली की पाण्याची धार नेमकी आगीवर जाती. झालं. क्लब निघाला, बंबाच्या खोलीवर उर्दूत पाटी लागली. काठ्या बाभळीच्या. चेंडू आमच्याच कापसाचा, सुतळीनं आवळून वर चामडं शिवलेला. लोक बांधावर बसून इचारायचे, "काय बंबवाले, आज उंदराच्या बिळात आग लागली व्हय?"

त्याचे कायदे ऐका. टोला मारताना कुणी खोकायचं न्हाय. दुसऱ्याच्या सावलीवर पाय द्यायचा न्हाय. टोला चुकला तर शिवी कन्नडात द्यायची, का तर चेंडू हितला हाय, त्याला मराठी शिवी लागती. सालभर राबलेली माणसं आमी, आणि ह्या चामड्याच्या गोळ्याचा मान राखायचा.

आणि खड्डे कुठं खणावेत? जिनाम्होरं माळ पडला व्हता, तळहातासारखा. त्यो सोडून ह्यानं पहिला खड्डा खणला आमच्यातल्या इमामच्या परसात, दुसरा आमच्याच महादूच्या उकिरड्याजवळ, आणि फुडला माझ्या घराच्या कुपाटीला लागून, जिथं नुसता खडक आणि सराटे. मी भांडलो. म्हणलं, जमादार, चांगला माळ सोडून तुमी काट्यात कशाला नेता? त्यो म्हणाला, खड्डा अवघडच पायजे, सायबाचा कायदा हाय. वर दर खड्ड्याला थांबून पाणी प्यायचं, त्योबी कायदा. इमामच्या परसात त्याची पोरं बापाच्या पायाला मिठी मारायची. माझ्याकडं मालन तांब्या घेऊन यायची. मी पाणी प्यायचो आणि तिच्याम्होरं जमादाराला शिव्या घालायचो.

एकदा तिनं तांब्या परत घेतला न्हाय. माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "तुमाला खरंच कळंना व्हय, खड्डे कुठं कुठं हाईत ते?"

मग तिनंच सांगितलं. भाकरी घेऊन येणाऱ्या बायकांना सगळं ठाऊक असायचं. जमादाराची बायको बाळंतपणात गेली व्हती, पोरासकट. ह्यो तवा दुसऱ्या एका जिनात बंबावर. घरी पोचला तवर दोघांची माती झाली व्हती. आता ह्या म्हातारपणी मालन गेली, अजून वरीस झालं न्हाय, आणि घरात तांब्या वाजला की मला तिची ती नजर आठवती.

मग एक दिवस मॅनेजरनं क्लब दावायला शिकंदराबादचा कुणी बडा पाव्हणा आणला. त्यानं खरा गोलफ बघितलेला. उकिरड्याजवळचा खड्डा बघून त्यो पोट धरून हसला. मॅनेजरचं तोंड काळं पडलं. माझ्या कुपाटीपाशी आल्यावर त्यानं हुकूम सोडला, की खड्डे आजच बुजवा, आणि हितनं फुडं बंबवाला घराकडं दिसला तर नोकरी गेली समजा. त्याच वक्ताला माझ्या घरातनं मालनचं कण्हणं ऐकू आलं. पाठोपाठ सुईणीचा आवाज.

जमादारानं माझ्याकडं बघितलंबी न्हाय. "हुजूर, चालू डाव मोडता येत न्हाय," म्हणाला, आणि ज्याचा टोला कधी चुकला न्हाय, त्या माणसानं चेंडू सरळ कुपाटीवरनं माझ्या अंगणात घातला. मग माझ्यावर डाफरला, "जा. चेंडू सापडल्याबिगर तोंड दावू नगंस."

मॅनेजर काय बोलणार तेवढ्यात पाव्हणाच मान डोलावून म्हणाला, "हौ, गेंद तो ढूंडनाच पडता."

चेंडू उंबऱ्यापाशीच पडला व्हता. मी त्यो पायानं कणगीखाली सारला आणि शोधत बसलो. दिवस कलला तवा लेक रडली.

दुसऱ्या दिवशी क्लब मोडला. पाटी काढली, काठ्या चुलीत गेल्या, आणि जमादाराला मॅनेजरनं चारचौघांत वाट्टेल तसं बोलून घेतलं. त्या मॅनेजरचा रागबी माझ्या पोटात अजून तसाच हाय.

होळी झाली, हंगाम सरला, आमी घरी आलो. एक दिवस बघतो तर जमादार कुपाटीबाहीर उभा. मी इचारलं, हिकडं कुठं? म्हणाला, वाटंनं चाललो व्हतो. ती वाट माझ्या घराम्होरं संपती. आत या म्हणलं तर येईना, जातो म्हणलं तर जाईना. मला परत राग यायला लागला. मालननं मला बाजूला सारलं, बाहीर गेली आणि लेक त्याच्या हातावर ठिवली.

त्यानं लेकीला हातावर जरा तोलून बघितलं. मग हळूच मालनला म्हणाला, "मला वाटायचं, कापसावानी असंल. वजन असतंय की गं."